टिकत नाही, म्हणून नको?

संपादक महोदय,

पॅलिएटिव्ह केअरमधल्या, म्हणजे गंभीर आजारात रुग्णाचा त्रास कमी करणाऱ्या शुश्रूषेतल्या, मसाज आणि अरोमाथेरपीवर (सुगंधी तेलांच्या वापरावर) आपल्या अंकात आलेला लेख वाचला. परिणाम टिकत नाही, तेव्हा हे निव्वळ लाड, असा त्याचा सूर आहे. अशा रुग्णांची शुश्रूषा करण्यात माझी सारी नोकरी गेली, म्हणून थोडे लिहिते.

परिणाम टिकत नाही हे खरेच. अमेरिकेत बळावलेल्या कॅन्सरच्या ३८० रुग्णांवर झालेला एक अभ्यास २००८ मध्ये प्रसिद्ध झाला. काहींना मसाज दिला, बाकीच्यांच्या अंगावर नुसते हात ठेवले. मसाजनंतर लगेच वेदना जास्त कमी झाल्या, मनही हलके झाले. काही आठवड्यांनी पाहिले तर दोन्ही गट सारखेच. ब्रिटनमधल्या २८८ कॅन्सर रुग्णांच्या २००७ च्या अभ्यासातही सुगंधी तेलाचा मसाज मिळालेल्यांची निदान झालेली चिंता आणि नैराश्य सहाव्या आठवड्यात इतरांपेक्षा जास्त सुधारले, दहाव्या आठवड्यात मात्र तो फरक ठळक उरला नाही. पण ज्याच्याकडे आठवडेच उरलेत, त्याच्या बाबतीत पुढच्या महिन्याचा हिशेब कशाला? मॉर्फिनचा साधा डोसही चारेक तासांत उतरतो. म्हणून त्याला कुणी लाड म्हणत नाही.

मला धास्ती वाटते ती दाव्यांची आणि उत्साहाची. तेलाने गाठ विरघळते म्हणणाऱ्याला दारातूनच परत पाठवावे. घरच्यांचे तसे नसते, ते मायेपोटी करतात. एका बाईंच्या मुलीने महागडे लॅव्हेंडर आणले होते. बाटलीचे झाकण उघडले की आईची मान भिंतीकडे वळायची. केमोने मळमळणाऱ्या माणसाला सुवासानेही उमासे येतात, आणि बोलायचे त्राण नसले की नको म्हणायचे तरी कसे? शेवटी बिनवासाच्या तेलाने मी एक हात चोळून दिला, तर बाईंनी दुसरा आपणहून पुढे केला.

सुगंधी तेल हवेच असेल तर ते थेट अंगाला लावू नये आणि पोटात तर मुळीच देऊ नये. खंगलेल्या माणसाच्या त्वचेला एक टक्काही पुष्कळ झाला, म्हणजे पाच मिलिलिटर साध्या तेलात एक थेंब. पायात रक्ताची गुठळी असल्याची शंका असेल तर पाय चोळायचा नाही. जखम, गाठ आणि रेडिएशन झालेली जागा सोडायची. कॅन्सर हाडांत पसरला असेल किंवा प्लेटलेट्स (रक्त गोठायला मदत करणाऱ्या पेशी) कमी असतील तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय दाब देऊ नये. ऑक्सिजन लावलेल्या खोलीत सुगंधी मेणबत्ती नकोच. एवढे सगळे वगळूनही हात बहुधा उरतोच: तळवा, बोटांच्या बेचक्या, मनगट. सलाइनची सुई असलेला तेवढा टाळायचा. दहा मिनिटे पुरतात.

ही दहा मिनिटे वॉर्डात आणायची कुठून, हा प्रश्न मात्र लेखात यायला हवा होता. नर्सच्या कामात ड्रेसिंगला वेळ धरलेला असतो, हात चोळायला नसतो. तो धरता येत नसेल तर नातेवाइकांना शिकवावे. उशाशी हवालदिल होऊन बसलेल्या माणसालाही काही करता येते. आणि रुग्णाला कोणता वास चालतो, कोणता नको, हे केसपेपरवर एका ओळीत लिहून ठेवावे, म्हणजे ड्यूटी बदलली तरी नव्या नर्सला त्याला पुन्हा बोलते करावे लागणार नाही.

– एक निवृत्त परिचारिका