‘घासू नका’ म्हणालात म्हणून

आदरणीय काका,

सा. न. वि. वि.

तुमचं नाव मी विचारलं नाही, तुम्हीही सांगितलं नाही. नाशिकच्या द्वारका चौकाजवळच्या त्या गाड्यांच्या स्पेअरच्या दुकानात सगळे तुम्हाला काका म्हणत होते, म्हणून मीही म्हटलं. आमच्या गाडीचं एवढं काम केलंत, पण पैसे तुम्ही घेतले नाहीत. पेढे घेऊन पुन्हा दुकानात गेले, तर तुम्ही मुलाकडे पुण्याला गेल्याचं कळलं. म्हणून हे पत्र असं सगळ्यांसमोर लिहिते आहे. कोणीतरी तुम्हाला वाचून दाखवेलच.

गाडी बाबांची. नाशिकरोडच्या प्रेसमध्ये नोकरीला असताना, नंबर लावून, वाट बघून त्यांनी १९८४ साली पद्मिनी घेतली. घरात मात्र आजही सगळे ‘फियाट’च म्हणतात. कुर्ल्याला हीच गाडी १९६४ पासून फियाट ११०० डिलाइट म्हणून बनायची आणि ‘पद्मिनी’ हे नाव १९७४ साली आलं, हे तुम्ही मला त्या दिवशी सांगितलंत. सांगताना नजर होती ती मी कागदात गुंडाळून आणलेल्या तुटक्या मोनोग्रामवर, म्हणजे गाडीवर बसवलेल्या चकचकीत नावावर.

तो मीच तोडला होता. गाडी नव्याने रंगवायला दिली होती. पेंटर म्हणत होता, टेप लावून भोवतीने रंग मारू. मला ते पटत नव्हतं, म्हणून पुढचा मोनोग्राम काढायला एका कडेला स्क्रूड्रायव्हर घातला आणि उचकला. कट् असा बारीक आवाज आला आणि एक पिन पत्र्यातच राहिली. त्या रात्री मला झोप लागली नाही.

तुम्ही तुकडा हातात घेऊन वजन बघितलंत आणि म्हणालात, “ताई, हा मझॅक आहे. जस्ताचा ओतीव. वरचा क्रोम चमकतो, पण आत ठिसूळ. याला वेल्डिंग लावायला जाल तर चारशे अंशांच्या आतच पाणी होईल.” आणि दुसऱ्या दिवशी सकाळी नऊ वाजता, न बोलावता, अंबडच्या गॅरेजवर हजर.

आधी तुम्ही बाकीचे मोनोग्राम हाती घेतलेत. डिकी उघडून, आतल्या भोकातून टॉर्च मारून मला दाखवलंत : नावाच्या मागे पिना आणि प्रत्येक पिनेवर दाबून बसवलेली पोलादी क्लिप. ती आत सरकते, मागे येत नाही. म्हणजे समोरून ओढलं की तुटणारच. तुम्ही गंज सोडवायचं तेल मारून तासभर थांबायला लावलंत, मग नोज प्लायरने एकेक क्लिप कापलीत, आतून लाकडी काडीने आळीपाळीने पिना ढकलल्यात. सगळीकडून सारखं उचललं की काही होत नाही. कडेला चिकटवलेल्या छोट्या अक्षरांना हेअर ड्रायरची ऊब दिली आणि मागून तंगूस करवतीसारखी फिरवली. गोंद रॉकेलने निघाला. काढण्याआधी प्रत्येकाची जागा बटर पेपरवर उतरवून घ्यायला लावलीत, पत्र्याच्या कडेपासून मापं टाकून. तो कागद मी जपून ठेवला आहे.

टेप लावून रंग का मारू नये, हे तर नुसतं बघूनच कळलं. आधीच्या कुणा पेंटरने तसंच केलं होतं. नावाभोवती रंगाची जाड कड साचलेली, तिच्यात पाणी अडकलेलं आणि भोकांच्या भोवती गंजाची तपकिरी कडी.

आणि मग ती गोष्ट, जिच्यासाठी खरं तर हे पत्र आहे. पुढच्या मोनोग्रामची जागा मी पॉलिश पेपरने साफ करायला घेतली, तसा तुम्ही माझा हात धरलात. “घासू नका!” तिथे दोन बोटं रुंदीचा एक पट्टा होता, फिकट आकाशी. बाबा कित्येक वर्षं सांगत होते की गाडी आकाशी होती. आम्हाला आठवते ती पांढरीच. वाटायचं, वयामुळे विसरतात. दाराच्या चौकटीत, बॉनेटखाली, सगळीकडे पांढरा मारून झाला होता. मूळ रंग उरला होता तो फक्त मोनोग्रामखाली, ऊन न लागलेला. तुम्ही त्यावर हलकं रबिंग कंपाउंड फिरवलंत, कपड्याने पुसलंत आणि पेंटरला बजावलंत, रंग जुळवून होईपर्यंत इथे कोणी हात लावायचा नाही. मी घासलं असतं तर बाबांचं म्हणणं खरं होतं, हे आम्हाला कधीच कळलं नसतं.

तुटक्या पिनेचं काम बघताना मी श्वास रोखून उभी होते. खुंट कानशीने सपाट केलात. ड्रिलच्या टोकापासून चार मिलिमीटरवर चिकटपट्टी गुंडाळलीत, म्हणजे छिद्र पुढच्या क्रोमपर्यंत जाणार नाही. अडीच मिलिमीटरचं छिद्र, त्यात तीन मिलिमीटरचे आटे, डोकं कापलेला पितळी स्क्रू. हातानेच, आटे पाडायचा टॅप अर्धा फेरा पुढे, पाव फेरा मागे. पाऊण तासात एकदाही घाई केली नाहीत. तुम्ही सातपूरला टूलरूममध्ये तीस वर्षं काढलीत, हे मला चहाच्या वेळी कळलं.

रंग झाला. भोकांच्या उघड्या कडांना ब्रशने प्रायमर लावून घेतला, पंधरा दिवस रंग कडक होऊ दिला, सायकलच्या ट्यूबचे वॉशर कापून मोनोग्राम बसवले. सगळं तुम्ही सांगितलंत तसंच. बाबांना आता नीट दिसत नाही. त्यांना गाडी उन्हात दाखवली. ते बॉनेटला हात लावून आईला म्हणाले, “बघ, आकाशीच होती.” आई पदराने डोळे पुसत होती.

काका, तुमचं मी काय देणं लागते ते शब्दांत मांडता येत नाही. मनापासून आभार. तुमचा अडीचचा ड्रिल बिट माझ्याकडेच राहिला आहे, तेलाच्या चिंधीत गुंडाळून ठेवला आहे. पुण्याहून आलात की दुकानात निरोप ठेवा. बाबा तुम्हाला गंगापूर धरणापर्यंत फिरवून आणायचं म्हणतात. गाडी मी चालवीन, पुढच्या सीटवर तुम्ही बसा.

आपली,
आकाशी फियाटवाली ताई
नाशिक