घोड्यांसह डोंगरातला मुक्काम : निघण्यापूर्वी वाचा

सर्व सदस्यांना नमस्कार. मुक्कामाला येणाऱ्यांनी पुढचं नीट वाचावं, विशेषतः बांधण्याबद्दलचं.

घोडा थेट झाडाला बांधायचा नाही. रात्रभर तो खुरांनी मुळं उकरतो आणि कंटाळला की साल सोलतो. दोन भक्कम झाडांमध्ये डोक्यापेक्षा उंच आडवा दोर ताणायचा, झाडाला मात्र रुंद पट्टा गुंडाळूनच. मोहरकीचं, म्हणजे घोड्याच्या तोंडावर चढवलेल्या पट्ट्याचं, दावं एवढंच ठेवा की नाक जमिनीजवळ पोचेल, पण पाय अडकणार नाही. गाठ एका हिसक्यात सुटणारी हवी. मी एकदा साधी गाठ मारली होती. मध्यरात्री घोडा बिथरला, दावं ताणून दगडासारखं झालं आणि शेवटी चाकूनं कापावं लागलं. तेव्हापासून चाकू उशाशी असतो.

घोड्याला दिवसाला साधारण 25 ते 45 लिटर पाणी लागतं, चढावर आणि उन्हात त्याहून जास्त. पाणी पाजायला ओढ्यावर न्या, पण दावण पाण्यापासून किमान 60 मीटर दूर. चारा अचानक बदलला तर पोटशूळ उठतो, म्हणून नेहमीचाच चारा आणा. त्यात तणाचं बी नको.

खोगीर चढवण्याआधी पाठीवरून तळहात फिरवा. एक काडीसुद्धा संध्याकाळपर्यंत जखम करते. खूर सकाळ-संध्याकाळ साफ करायचे, नाल हलते का तेही बघायचं.

निघताना लीद पसरून टाकायची, उकरलेली जमीन सारखी करायची. हे काम ज्याच्या-त्याच्या घोड्यामागे ज्यानं-त्यानं करावं, दरवेळी त्याच दोघांनी नव्हे!