सलग आठ विजय, पण विधानसभेतल्या कामाचे काय?

संपादक महोदय,
योगेश पटेल १९९० मध्ये आपल्या बडोद्याच्या रावपुरा मतदारसंघातून पहिल्यांदा आमदार झाले, तेव्हा मी दांडिया बाजारात शाळकरी मुलगा होतो. २०१२ पासून ते शहरातल्याच मांजलपूरमधून निवडून येतात. २०२२ मध्ये लाखाहून अधिक मताधिक्याने आठव्यांदा जिंकले आणि गुजरात विधानसभेचे हंगामी अध्यक्ष म्हणून नव्या आमदारांना त्यांनीच शपथ दिली. इतकी वर्षे लोकांचा विश्वास टिकवणे सोपे नाही, हे मनापासून मान्य. सूरसागर तलावातली १११ फुटी शिवमूर्ती आणि महाशिवरात्रीची ‘शिवजी की सवारी’ ही मिरवणूक यांच्याशी त्यांचे नाव घट्ट जोडलेले आहे.

पण निवडणूक आली की वर्तमानपत्रांत नुसते मतांचे आकडे येतात. ऑगस्ट २०२४ मध्ये विश्वामित्री नदीच्या पुराचे पाणी आमच्या ओट्यावरून माजघरात आले, आईची बाजाची पेटी भिजली; तिचे भाते अजून उघडत नाहीत. विश्वामित्रीबद्दल शहरातल्या आमदारांनी विधानसभेत कधी, काय विचारले, उत्तर काय मिळाले, हे आम्हाला वाचायचे आहे. केवळ पटेलांचेच नव्हे, बडोद्याच्या प्रत्येक आमदाराचे. पुढच्या निवडणुकीआधी तेवढे जरूर छापा.

एक वाचक, दांडिया बाजार, बडोदा