उलट्या आट्यांच्या टोकाला बांधलेली चिंधी

प्रिय काका,

हार्वेस्टरांच्या टकरीत तुम्ही केलेल्या मदतीचे आभार मानायला फोन केला, तर तुम्ही "एक रॉडच तर दिला" एवढं बोलून विषय पावसापाण्यावर नेलात. म्हणून हे लिहून ठेवतोय, तेही मराठीत, म्हणजे तुम्हाला मध्येच तोडता येणार नाही.

आमच्या माणसांना आधी गाव सांगायला हवं. लिंड. अमेरिकेतल्या वॉशिंग्टन राज्याच्या पूर्वेला, अ‍ॅडम्स काउंटीत, जेमतेम ५०० वस्तीचं. पाऊस वर्षाला २४० मिलिमीटरच्या आसपास. आपल्या माणदेशातही याच्या दुपटीएवढा पडतो. म्हणून एक वर्ष रान पडीक ठेवून ओल धरायची आणि पुढच्या वर्षी गहू घ्यायचा. कापणी जुलै-ऑगस्टात. त्याच्या तोंडावर, जूनमध्ये, १९८८ पासून इथे जुन्या हार्वेस्टरांच्या टकरी होतात. भरवतो तिथला लायन्स क्लब. भंगारात जायच्या लायकीची धुडं मातीच्या मैदानात उतरतात आणि शेवटपर्यंत जे हलतं ते जिंकतं. नावनोंदणी, फेऱ्या वगैरे सोडतो.

बघणाऱ्याचा डोळा हेडरवर, म्हणजे पीक कापणाऱ्या पुढच्या भागावर असतो, कारण टक्कर त्यानेच द्यायची. पण हार्वेस्टर मरतं ते मागून. पुढची चाकं मोठी, ओढायचं काम त्यांचं, वजनही त्यांच्यावर. मागची चाकं लहान, आणि वळवायचं काम त्यांच्याकडे. म्हणून जो तो दुसऱ्याच्या मागच्या चाकावर टपलेला. टायर फुटला तर रिमवर चालवता येतं. दोन्ही चाकांना एकत्र वळवणारा दांडा, म्हणजे टाय रॉड, वाकला की मात्र एक चाक पंढरपूरला निघतं आणि दुसरं कोल्हापूरला.

आमचं नेमकं तेच झालं, तेही पहिल्याच फेरीत.

यंत्र विकणाऱ्या गृहस्थांनी "मागचा अ‍ॅक्सल पोलादी आहे" असं छातीठोक सांगितलं होतं. पोलादीच होता, पण रॉडवर जुना वेल्डिंगचा जोड होता आणि वरून ताजा रंग. दुसरे एक सद्गृहस्थ सुट्या भागांच्या काउंटरवर भेटले होते. मॉडेल ऐकून हसले आणि म्हणाले, हे आता संग्रहालयात मिळेल. मान वर करून बघायचीही त्यांना गरज वाटली नाही. असो. भलं होवो त्यांचं.

तुमचं यंत्र त्याआधीच गार झालं होतं. हेडर उचलणारा हायड्रॉलिक पाइप फुटला, हेडर मातीत रुतलं आणि नांगर धरल्यासारखं जागच्या जागी अडकलं. (हेडरला वरून साखळी बांधून ठेवली तर पाइप फुटला तरी ते लोंबत राहतं, जमिनीला लागत नाही. हेही तुम्हीच सांगितलंत, स्वतःचं यंत्र गेल्यावर, हसत.) मॉडेल एकच. तुम्ही काही न विचारता खाली शिरलात आणि स्वतःचा रॉड काढायला लागलात. आम्ही १५ मिलिमीटरचा पाना पुढे केला, तो तुम्ही बाजूला सारलात. जुनं अमेरिकन यंत्र, सगळं इंचात. ९/१६ इंची नटाला १४ चा पाना बसत नाही, १५ चा बसतो पण सैल, आणि दोन झटक्यांत नटाचे कोपरे गोल होतात. ३/४ ला १९ चा खुशाल चालतो. इतकी वर्षं पाने हाताळून हे आम्हाला कुणी सांगितलं नव्हतं.

रॉड सुटल्यावर तुम्ही दोन्ही टोकांच्या बॉलमधलं अंतर दोरीने मोजलंत, दोरीला गाठ मारलीत आणि ती आमच्या हातात दिलीत. म्हणजे बसवताना चाकं आत-बाहेर तिरकी राहू नयेत. हे कुणीही चांगला मेकॅनिक करेल. त्यानंतरचं मात्र कुणी करत नाही. रॉडच्या एका टोकाला सुलटे आटे असतात, दुसऱ्याला उलटे. घाईत माणूस उलटं टोक सुलट्या बाजूला रेटतो, आटे खातात आणि रॉड कायमचा जातो. तुम्ही खिशातला रुमाल काढलात, आट्यांवरची माती पुसलीत, नट बोटांनी दोन वेढे फिरवून पाहिलात आणि मग रुमालाची कड टरकन फाडून उलट्या टोकाला बांधलीत. बोललात काहीच नाही. पुढच्या फेरीत आम्ही तुमच्याच पुतण्याच्या यंत्राला धडकणार होतो, हे तुम्हाला ठाऊक होतं.

निघता निघता वाकून पायाजवळ पाहिलंत आणि ब्रेकच्या दोन पेडलांना जोडणारी कडी उघडून दिलीत. रस्त्यावर ती लावायची असते. मैदानात ती लागलेली असेल तर डावा-उजवा ब्रेक वेगळा दाबून जागेवर गिरकी घेता येत नाही. आणि एग्झॉस्टजवळ साचलेला वाळका भुसा हाताने ओरबाडून काढलात. २०२२ च्या ऑगस्टमधल्या आगीत गावातली घरं जळाली, त्यामुळे लिंडमध्ये भुशाकडे कुणी थट्टेने बघत नाही.

चांगुलपणा म्हटलं की लोकांना मोठमोठ्या देणग्या दिसतात. आम्हाला आता रुमालाची कड दिसते. दिलेली वस्तू घेणाऱ्याच्या हातून बिघडू नये, एवढा पुढचा विचार फार थोडे करतात. आणि ज्याच्याकडून हरायची शक्यता आहे, त्याच्यासाठी करणारे त्याहून थोडे.

रॉड दोन फेऱ्या टिकला. शेवटी आमचा चालीचा पट्टा, म्हणजे इंजिनची ताकद चाकांकडे नेणारा पट्टा, गेला. त्यावर तेल उडालं होतं, घसरून घसरून जळाला. ती चूक आमची. मळणीचे बाकी सगळे पट्टे आधीच काढले होते, हा एक मात्र नीट पुसला नव्हता.

तुमच्या रॉडचा मधला पाइप बोटभर वाकलाय. सरळ ठोकून परत देणार नाही, ठोकलेल्या जागी तो पुन्हा मोडेल. नवा पाइप घालतोय आणि दोन्ही लॉक नट बदलतोय. पुढच्या जूनच्या आधी आणून देतो. चिंधी तेवढी आम्ही ठेवून घेतोय.

तुमचे,
तिसऱ्या फेरीत बाद झालेले