‘सवय होईल’ न म्हणता कार्ड बघणाऱ्या ताईंना

ताई,

सप्रेम नमस्कार.

हे पत्र पुढच्या तपासणीला येताना तुमच्या हातातही देता आलं असतं. तरी उघडपणे लिहितेय, कारण सीपॅप मशीन (झोपेत श्वास अडू नये म्हणून मास्कमधून दाबाने वारा देणारं यंत्र) घरी आणून ‘याने काही फरक पडत नाही’ म्हणून ते पलंगाखाली सरकवून ठेवलेली माणसं मला आता सारखी भेटतात. तुम्ही माझ्यासाठी नेमकं काय केलंत हे त्यांच्यापर्यंत पोचावं असं मनापासून वाटतं. तुमचं नाव लिहीत नाही, तुम्हाला ते आवडणार नाही हे माहीत आहे. नाशिकच्या एका स्लीप लॅबमधल्या टेक्निशियन ताई, एवढं पुरे.

बाई घोरते हे आपल्याकडे कुणी मोठ्याने बोलत नाही. पुरुष घोरला की घरात सगळे हसतात आणि कधीतरी त्याला डॉक्टरकडेही नेतात. माझा थकवा मात्र आधी हिमोग्लोबिनवर गेला, मग थायरॉईडवर, मग ‘पाळी जायचं वय आहे, होतं असं’ यावर. रात्री दोनतीनदा लघवीला उठावं लागायचं म्हणून साखर तपासून झाली. सकाळी डोकं जड, पतपेढीत दुपारी आकडे लिहिता लिहिता डोळे मिटायचे. पाळी गेल्यानंतर बायकांमध्ये झोपेत श्वास अडण्याचं प्रमाण वाढतं आणि सकाळची डोकेदुखी, रात्रीचं उठणं ही त्याचीच लक्षणं असू शकतात, हे मला त्या सगळ्या वर्षांत कुणी सांगितलं नव्हतं. सुट्टीला आलेली लेक माझ्या खोलीत झोपली आणि माझा श्वास थांबतोय हे पाहून घाबरली, तेव्हा कुठे स्लीप स्टडी, म्हणजे रात्रीच्या झोपेची तपासणी झाली. एएचआय ३४. म्हणजे तासाला सरासरी ३४ वेळा माझा श्वास किमान दहा सेकंद तरी बंद पडत होता किंवा अगदी उथळ होत होता. पाचच्या आत असला तर ठीक, तिसाच्या वर गंभीर.

मग मशीन आलं. ज्यांच्याकडून घेतलं त्यांच्या माणसाने मास्क चढवून दाखवला, बटण दाखवलं, सही घेतली आणि तो गेला. पुढचे आठवडे काय होते ते तुम्हाला माहीत आहे. झोपताना गुदमरल्यासारखं व्हायचं. मध्यरात्री मास्कच्या कडेने फुर्र फुर्र आवाज करत वारा डोळ्यांत जायचा. पहाटे घशाला कोरड, पोट हवेने टम्म, नाकाच्या हाडावर लाल वळ. एवढं सोसून सकाळी डोकं तितकंच जड. फोन केला की उत्तर एकच यायचं, ‘मॅडम, सवय होईल.’ डॉक्टरांची पुढची तारीख लांब होती. शेवटी मी लॅबच्या नंबरवर फोन लावला आणि तो तुम्ही उचललात.

ताई, तुमचा पहिलाच प्रश्न मला लख्ख आठवतो. तुम्ही विचारलंत, ‘मशीन लावून झोप लागत नाही, की झोप लागते पण सकाळी बरं वाटत नाही?’ तोवर मी सगळ्यांना ‘मशीनचा उपयोग होत नाही’ एवढंच सांगत होते आणि त्यात किती वेगवेगळ्या तक्रारी कोंबलेल्या आहेत हे कुणीच उलगडून बघितलं नव्हतं. मी दोन्ही म्हटलं. त्यावर तुम्ही म्हणालात, ‘मग मशीन घेऊन या, मास्क आणा, आतलं कार्ड काढू नका. आणि रोजची उशी पण आणा.’ मी उशी पिशवीत घालून रिक्षाने आले, रिक्षावाला आरशातून बघत होता.

मशीनच्या त्या नखाएवढ्या कार्डात रात्रीच्या रात्री साठवलेल्या असतात हे मला तिथे कळलं. तुम्ही खुर्ची ओढून मला पडद्यासमोर बसवलंत. प्रेशरची रेघ, गळतीची रेघ, खाली श्वास अडल्याच्या खुणा. मशीन प्रेशरच्या ४ ते २० अशा पूर्ण खुल्या मर्यादेवर सोडलेलं होतं, कंपनीतून येतं तसंच. चारचं प्रेशर इतकं कमी असतं की पुष्कळ मोठ्या माणसांना त्यात हवा पुरत नाही असं वाटतं, म्हणून माझा सुरुवातीचा जीव घाबरा व्हायचा. पुढे गळा मिटायला लागला की मशीन प्रेशर चढवत न्यायचं, ते इतकं चढायचं की मास्कची कड उचलली जायची. गळती झाली की जाग, आणि चढलेल्या वाऱ्यातला काही घशाखाली उतरून पोटात. माझ्या मशीनवर गळतीची मर्यादा मिनिटाला २४ लिटर आहे, आणि रेघ रोज पहाटेच्या सुमारास तिच्या वर जाऊन बसलेली दिसत होती. माझ्या सगळ्या तक्रारी एका पाठोपाठ एक त्या पडद्यावर उभ्या होत्या. मला रडू आलं ते तेव्हा. मी उगाच कुरकुर करत नव्हते, हे त्या रेघांनी सांगितलं.

दुसरा कुणी असता तर तिथेच प्रेशर बदलून मोकळा झाला असता. तुम्ही खुणांवर बोट ठेवलंत. त्या रात्रभर सारख्या पसरलेल्या नव्हत्या, वीसपंचवीस मिनिटांचा घोळका, मग शांतता, मग पुन्हा घोळका. प्रेशर कितीही चढलं तरी त्या घोळक्यात फरक पडत नव्हता. तुम्ही म्हणालात, ‘हे प्रेशरने सुटत नाहीये. मान बघू.’ मला माझ्याच उशीवर, मास्क लावून, मशीन चालू करून आडवं केलंत. ती आमची जुनी सावरीच्या कापसाची उशी, वर्षानुवर्षांत दगडासारखी घट्ट झालेली, वर तिच्याखाली घडी घातलेली चादर. तुम्ही दोन बोटं माझ्या हनुवटीखाली घालायला गेलात तर ती जाईनात, हनुवटी छातीला टेकली होती. मग चादर काढलीत, उशी काढलीत आणि लॅबमधली एक पातळ उशी मानेखाली सरकवलीत. त्याच क्षणी श्वासाचा आवाज बदलला, तो मला स्वतःला ऐकू आला. मान पुढे मुडपली की घशातली वाट अरुंद होते आणि बाहेरून वारा ढकलून ती नीट उघडत नाही. हे समजायला मला कुठलंही यंत्र लागलं नाही, तुमची दोन बोटं पुरली.

मास्कचंही तसंच. वारा जातो म्हणून पट्टे आवळत न्यायचे, हेच मला शिकवलेलं होतं. तुम्ही सगळे पट्टे सैल केलेत, मी आडवी असतानाच, कारण बसल्यावर आणि झोपल्यावर चेहऱ्याची ठेवण वेगळी असते. वारा चालू असताना मास्क चेहऱ्यापासून जरासा ओढून पुन्हा अलगद टेकवलात, आतलं मऊ सिलिकॉन फुगून आपोआप चेहऱ्यावर बसलं. पट्टे त्यानंतर, जेमतेम टेकतील एवढेच. रात्री तोंडाला क्रीम आणि केसांना खोबरेल लावायची माझी पद्धत तुम्ही विचारून घेतलीत. तेलकट त्वचेवरून सिलिकॉन घसरतं, म्हणून तेल सकाळवर गेलं आणि झोपण्याआधी साध्या साबणाने तोंड धुणं आलं. मास्कचं कुशनही रोज धुते.

तुम्ही त्या दिवशी एक गोष्ट सांगितलीत, ती घरी येऊन मी सगळ्यांना ऐकवली. सिडनीच्या डॉ. कॉलिन सलिव्हन यांनी १९८० मध्ये हा उपचार पहिल्यांदा करून पाहिला आणि १९८१ मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात पाच रुग्णांवरचा अनुभव छापला. तेव्हा नाकात बसवायच्या नळ्या सिलिकॉनने चिकटवाव्या लागायच्या. वारा कडेने निसटू नये ही खटपट या उपचाराला जन्मापासून चिकटलेली आहे, असं तुम्ही म्हणालात. ते ऐकून माझ्या मनावरचं मोठं ओझं उतरलं, अडचण माझ्या एकटीच्या चेहऱ्याची नव्हती.

प्रेशरला तुम्ही स्वतः हात लावला नाहीत, हेही मला लिहायचंच आहे. पडद्यावरच्या खुणा दोन तऱ्हेच्या होत्या. बहुतेक गळा मिटल्याच्या, पण थोड्या अशा की गळा उघडा आहे आणि मेंदूकडून श्वास घ्यायचा हुकूमच गेलेला नाही. नव्याने मशीन लावणाऱ्या काहींना असं होतं आणि बऱ्याच जणांचं काही आठवड्यांत किंवा महिन्यांत आपोआप कमी होतं, पण तिथे प्रेशर वाढवून उपयोग नाही, उलट अशा खुणा वाढूही शकतात. तुम्ही ते कागदावर छापून डॉक्टरांना दाखवलंत. डॉक्टरांनी खालची मर्यादा ७ आणि वरची १२ केली, श्वास सोडताना प्रेशर थोडं उतरेल अशी सोय चालू केली आणि त्या दुसऱ्या खुणांवर लक्ष ठेवायला सांगितलं. (वाचणाऱ्यांनी हे आकडे उचलू नयेत, ते माझ्या कार्डावरून ठरले. तुमचे तुमच्या कार्डावरून ठरतील.) नाकाचं तुम्हीच सुचवलंत. माझं एक नाक कायम बंद, म्हणून तोंड उघडं आणि म्हणून तो तोंड-नाक झाकणारा मोठा मास्क. कानानाकाच्या डॉक्टरांनी स्प्रे दिला, मिठाच्या पाण्याने नाक धुवायला सांगितलं, पाणी उकळून गार केलेलंच हे बजावून. नाक मोकळं झाल्यावर फक्त नाकावरचा छोटा मास्क चालला आणि नाकावरचा वळ गेला.

थंडीत नळीत पाणी साचून गुळगुळ वाजायला लागलं तेव्हा मी रात्री साडेदहाला तुम्हाला मेसेज केला होता. ‘नळी गोधडीच्या आत घ्या, मशीन पलंगाच्या पातळीखाली ठेवा,’ एवढंच उत्तर, आणि आवाज थांबला. वारा ओलसर करणाऱ्या टाकीत डिस्टिल्ड वॉटर भरणं आणि जाळीतली धूळ बघणं, ही दोन कामं आता ह्यांनी आपणहून घेतली आहेत.

पहाटे तीनचारला मास्क काढून टाकायची माझी सवय सुटायला मात्र वेळ लागला. चार तास लावला की पुरे, असं कुठून तरी ऐकलं होतं. तुम्ही समजावलंत की स्वप्नांची झोप रात्रीच्या उत्तरार्धात जास्त असते, त्यात स्नायू सगळ्यात सैल पडतात आणि पुष्कळांचा श्वास तेव्हाच सर्वांत जास्त अडतो. मी नेमका तोच भाग मशीनशिवाय काढत होते. तुम्ही रागावला नाहीत. मास्क लावून दुपारी जागेपणी थोडा वेळ टीव्ही बघायला सांगितलंत, जाग आली तर मास्क काढून न टाकता मशीन एकदा बंद करून पुन्हा चालू करायला सांगितलंत, म्हणजे वारा परत कमी प्रेशरवरून सुरू होतो. हळूहळू पहाट निघू लागली.

आता एएचआय पाचच्या आत असतो. सकाळची डोकेदुखी गेली, रात्री क्वचितच उठावं लागतं. दुपारचा थकवा पूर्ण गेलेला नाही, आणि तो जायला आणखी काही महिने लागू शकतात हे तुम्ही आधीच सांगून ठेवलं होतंत, त्यामुळे मी धीर सोडलेला नाही. डॉक्टरांनी थायरॉईड पुन्हा तपासायला लिहून दिलं आहे.

तुमच्या कामाला पगारपत्रकात काय नाव आहे मला माहीत नाही. पण मशीन विकलं गेल्यानंतर पेशंटजवळ बसून कार्ड बघणारं माणूस नसेल तर एवढ्या पैशांचं यंत्र पलंगाखाली जातं, आणि माणूस रात्री गुदमरत राहतो. मशीन लिहून देणाऱ्या प्रत्येक ठिकाणी तुमच्यासारखी एक व्यक्ती असावी, आणि तिला पेशंटला आडवं करून बघण्याइतका वेळ द्यावा, ही माझी दवाखाने चालवणाऱ्यांना कळकळीची विनंती आहे. आणि ज्यांना सकाळी उठल्यावर डोकं दुखतं, दिवसभर झोप येते, त्या माझ्या वयाच्या बायकांना विनंती की घरात कुणाला तरी एक रात्र तुमच्या शेजारी झोपून श्वास ऐकायला सांगा.

पुढच्या महिन्यात तपासणीला येतेय. शेजारच्या वहिनींना घेऊन येईन, त्यांच्या मिस्टरांना नवीन मशीन लागलंय आणि त्यांनाही ‘सवय होईल’ हेच ऐकायला मिळालंय. तुम्ही कोणत्या वारी लॅबमध्ये असता ते कळवा, त्या दिवशीची वेळ घेते.

मनापासून आभार, ताई.

कळावे, लोभ असावा.

तुमची,
नाशिकरोडची एक पेशंट