तक्रार: बुखारीचा धूर सासूबाईंच्या खोलीत, आणि तुमचं उत्तर "माताजींना दुसरीकडे झोपवा"

प्रति, कस्टमर केअर हेड आणि त्यांच्या वर जे कोणी बसतात ते,

वीस मिनिटांपूर्वी तुमच्या कॉल सेंटरचा सहावा फोन ठेवला आणि तशीच लिहायला बसले. हेड ऑफिस पुण्याला आहे म्हणून मराठीत लिहितेय, निदान कोणीतरी शेवटपर्यंत वाचेल.

बुखारी, म्हणजे खोली गरम ठेवायची लाकडाची बंद शेगडी, आम्ही मेळ्यातून घेतली, तुमच्याच स्टॉलवरून. ग्वाल्हेरचा मेळा 1905 पासून भरतोय, आमच्या घरात शिलाई मशीनपासून फ्रीजपर्यंत सगळं मेळ्यातून आलंय आणि आजवर पस्तावायची वेळ आली नव्हती. बुखारीचे 38,500 आणि फिटिंगचे वेगळे 6,000. फिटिंग कंपनीकडूनच घेतलं कारण लष्कर भागातला जुना वाडा, वर दगडी पट्ट्यांचं छत, भिंतीतून गच्चीपर्यंत गेलेलं आजेसासऱ्यांच्या वेळचं धुराडं, यात आपण हात घालू नये, जाणत्या माणसाने करावं असं आम्हाला वाटलं.

तुमचा जाणता माणूस तासाभरात मोकळा झाला. बुखारीची कॉलर, म्हणजे पाइप बसतो ते धुराचं तोंड, 6 इंची आणि त्याने लावला 4 इंची पाइप, मध्ये रिड्यूसर घालून. यांनी विचारलं तर म्हणे 6 इंची गाडीत नाहीये, यानेही चालतं. नाही चालत! 4 इंचीचं तोंड 6 इंचीच्या निम्म्याहूनही कमी भरतं, आणि कॉलरपेक्षा लहान पाइप लावू नये हे तुमच्याच पुस्तकात पान 11 वर ठळक छापलंय. तोही जीआय, म्हणजे जस्त चढवलेला लोखंडी पाइप, तापला की त्यावरच्या जस्ताचा धूर होतो, तो बुखारीला लावत नाहीत हे बुखारी बनवणाऱ्यांना मी सांगायचं का? पाइप दीड फूट धुराड्यात सरकवला, भोवती सिमेंट लिंपलं, झालं. गच्चीवर गेला नाही, आत टॉर्च मारला नाही. शिवाय निघताना आम्हाला शिकवून गेला की रात्री डॅम्पर, म्हणजे धुराच्या वाटेतली झडप, पूर्ण बंद करा म्हणजे लाकूड सकाळपर्यंत पुरतं. निखारे धुमसत असताना वरची वाट बंद करायची, आणि घरातले सगळे झोपलेले!

आमचं धुराडं फूटभर रुंद, आत नुसती वीट आणि चुना. गरम धूर हलका असतो म्हणून चढतो, पण एवढ्या थंड मोठ्या पोकळीत गेला की गार होऊन तिथेच रेंगाळतो आणि फट मिळेल तिथून घरात शिरतो. म्हणूनच जुन्या धुराड्यात कॉलरच्या मापाचा स्टीलचा लाइनर, म्हणजे आतून घालायची नळी, पार वरपर्यंत टाकतात. लाइनरचं नावसुद्धा कोणी काढलं नाही, ना स्टॉलवर ना फिटिंगच्या दिवशी.

फट कुठे होती ते आता ऐका. माझ्या सासूबाई, वय 81, वरच्या खोलीत झोपतात. चार दिवस रोज सकाळी डोकं जड, मळमळ, चहासुद्धा नको. अंगणात उन्हात तासभर बसल्या की बऱ्या. आम्ही पित्त समजून सुंठ देत होतो, गोळी देत होतो. पाचव्या दिवशी मी त्यांचं फडताळ उघडलं तर आतून डांबरासारखा वास आला, आणि घडी करून ठेवलेल्या पांढऱ्या लुगड्यावर काजळीची सरळ रेघ, पट्टीने ओढावी तशी. फडताळाची मागची भिंत म्हणजेच धुराड्याची भिंत, तिला बोटभर फट. त्याच दिवशी बुखारी विझवली आणि सीओचा, म्हणजे कार्बन मोनॉक्साइड या विषारी वायूचा अलार्म मागवला. तो आल्यावर खिडक्या सताड उघड्या ठेवून, आईंना खाली बसवून दहा मिनिटं पेटवून बघितलं तर अलार्म बोंबलायला लागला. कार्बन मोनॉक्साइडला रंग नाही, वास नाही, झोपेतला माणूस झोपेतच जातो. हे लिहिताना आत्ताही हात कापतायत माझे.

नंतर यांनी गच्चीवरून दोरीला टॉर्च बांधून आत सोडला, तर कबुतरांच्या घरट्याच्या काड्या अडकलेल्या. धुराड्याचं तोंड मुमटीपेक्षा, म्हणजे गच्चीवरच्या जिन्याच्या खोलीपेक्षा, हातभर खाली, आणि मुमटी सहा फुटांवर. दहा फुटांच्या आत जे काही असेल त्याच्यापेक्षा दोन फूट वर तोंड हवं, नाहीतर वारा धूर परत खाली ढकलतो, हेही तुमच्या पुस्तकात चित्र काढून दिलंय. मग तुमच्या माणसाला पुस्तक कोणी दाखवत नाही का?

आता आजचा फोन. नऊ मिनिटं होल्ड. मग एक मुलगा. त्याला सगळं पहिल्यापासून सांगितलं, 4 इंची पाइप, फट, अलार्म, आईंची तब्येत. तो म्हणाला, मॅडम लाकडाची बुखारी आहे, धूर तर होणारच. मी म्हटलं धूर होऊ दे, घरात का येतोय? म्हणे खिडकी थोडी उघडी ठेवा. जानेवारीत ग्वाल्हेरला रात्री पारा चार-पाचवर जातो, खिडकी उघडी ठेवायची तर बुखारी कशाला घेतली? मग म्हणाला धुराडं कस्टमरचं आहे, आमची जिम्मेदारी कॉलरपर्यंत. अरे मग 6,000 कशाचे घेतले, पाइप कॉलरच्या वरच लागतो ना? यावर तो थांबला, कोणाला तरी विचारून आला आणि म्हणाला, "तो मॅडम, माताजी को दूसरे कमरे में सुला दीजिए ना."

माझ्या तोंडून शब्द फुटेना. त्याच खोलीत त्या लग्न होऊन आल्या, 60 वर्षं तिथे झोपल्या. तुमच्या चुकीसाठी त्यांनी खोली सोडायची? आणि तुम्हाला फक्त धूर कुठे जातो तेवढंच बदलायचंय? मी काही बोलायच्या आत त्याने "और कोई सहायता" विचारलं आणि फोन कट. दोन मिनिटांत मेसेज, आमच्या सेवेला पाचपैकी किती गुण द्याल.

सात दिवस देतेय. काम येणाऱ्या माणसाने आधी धुराडं तपासून साफ करावं, 6 इंची स्टीलचा लाइनर वरपर्यंत टाकावा, 4 इंची पाइप काढून न्यावा, तोंड मुमटीच्या दोन फूट वर न्यावं. जमत नसेल तर 44,500 परत करा आणि बुखारी उचला. नाहीतर 1915 या ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार आणि मग इथल्या जिल्हा ग्राहक आयोगात केस. 2019 च्या कायद्याने मी राहते तिथेच केस करता येते आणि पाच लाखांच्या आत फीसुद्धा नाही. लुगडं, पान 11, अलार्मचा व्हिडिओ, सगळं जपून ठेवलंय. मेळा अजून चालू आहे, तुमच्या स्टॉलवर जाऊन रांगेतल्या प्रत्येकाला विचारणार आहे की तुमचं धुराडं आतून कोणी बघितलं का.

फोन करू नका, लेखी उत्तर द्या. आणि तोपर्यंत या सीझनमध्ये 4 इंची पाइप लावून जिथे जिथे तुमचा हा माणूस फिटिंग करून आलाय, त्या घरांना आजच्या आज फोन करून बुखारी विझवायला सांगा.