कुलूप लावून निघता यावे

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

नोकरी संपली की नवरा-बायकोने घर राखावे, नातवंडे सांभाळावीत, फार तर एखादी काशीयात्रा करावी, ही निवृत्तीची व्याख्या आता जुनी झाली. हातपाय धड असलेल्या जोडप्याने वर्षातले तीन-चार महिने खुशाल फिरावे. हे बेत पैशापेक्षा तयारीअभावीच जास्त फसतात, म्हणून हे पत्र.

रेल्वेचे आरक्षण नोव्हेंबर २०२४ पासून ६० दिवस आधी, सकाळी ८ वाजता उघडते. पण हे दिवस गाडी मूळ स्थानकावरून ज्या तारखेला सुटते तिथून मोजतात. नागपूर पडले देशाच्या मध्यावर, लांबच्या कितीतरी गाड्या इथे दुसऱ्या दिवशी पोचतात. अशा गाडीने १ मेला निघायचे तर खिडकी २ मार्चला नाही, १ मार्चलाच उघडते. त्या एका दिवसात उन्हाळ्याची तिकिटे संपतात. खालच्या बर्थचा ज्येष्ठांचा कोटा पुरुषाला ६०, स्त्रीला ४५ वर्षांपासून मिळतो, तोही एका तिकिटावर एक किंवा दोघेच असतील तर. मित्रमंडळींची सहा नावे एकत्र घातली की कोटा गेला! प्रत्येक जोडप्याने आपले तिकीट वेगळे काढावे. भाड्यातली सवलत मार्च २०२० पासून बंद आहे, ती परत मिळायलाच हवी.

घर बंद करताना कूलर आधी बघा. टाकीतले पाणी पूर्ण काढा, तळाचा गाळ पुसा, वाळ्याच्या ताट्या उन्हात कडक वाळवा. तळाशी चार बोटे पाणी राहिले तरी आठवडाभरात डास होतात, त्रास शेजाऱ्यांना. नागपूरच्या उन्हात न्हाणीघराच्या जाळीखालचे पाणीही आटते आणि गटाराचा वास, झुरळे वर येतात. त्यात तांब्याभर पाणी ओतून वर दोन चमचे खोबरेल तेल सोडा, पाणी लवकर उडत नाही. फ्रिज रिकामा करून दार किलकिले ठेवा, नाहीतर आत बुरशी. सिलिंडरचा रेग्युलेटर बंद.

पेन्शन चालू राहावी म्हणून दरवर्षी द्याव्या लागणाऱ्या हयातीच्या दाखल्यासाठी अख्खा नोव्हेंबर घरी अडकण्याचेही कारण उरलेले नाही. मोबाइलवर ‘जीवन प्रमाण’ आणि ‘आधार फेस आरडी’ ही दोन अ‍ॅप घेतली की चेहऱ्यावरून दाखला कुठूनही देता येतो. उजेड तोंडावर हवा, खिडकी पाठीशी नको. पीपीओ (पेन्शन मंजुरीच्या आदेशाचा) क्रमांक आणि बँक खाते पुन्हा ताडून पाहा, एक आकडा चुकला तरी दाखला अडकतो. ८० वर्षांवरील केंद्र सरकारी पेन्शनरांना १ ऑक्टोबरपासूनच मुभा आहे. ईपीएस, म्हणजे भविष्य निर्वाह निधीच्या योजनेतल्या, पेन्शनरांनी तो वर्षात केव्हाही द्यावा, पुढे बारा महिने चालतो.

आपणास एक विनंती. रोजच्या अंकात पंचांगाशेजारी ‘आज अमुक तारखेचे रेल्वे आरक्षण सुरू’ एवढी एक ओळ छापावी. मोबाइल न हाताळणाऱ्या ज्येष्ठांची मोठी सोय होईल.

आपले,
एक वाचक दांपत्य, नागपूर